नाव विसरणं म्हणजे अपमान नव्हे. आठवत नसेल तर सरळ विचारा!

उद्यमनगरी
चेहरा समोर आला की सगळं आठवतं. कुठल्या गावचा, कुठल्या डिपार्टमेंटला, मुलगी यंदा बारावीला. नाव तेवढं ओठांवर येत नाही. मग मागं बोलणं सुरू होतं, 'मोठा माणूस झालाय, आता आपलं नाव कशाला लक्षात ठेवतोय.' मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत (लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात) सुपरवायझर आहे, हे बोलणं रोज कानावर येतं. माझ्या मते हा आरोप अन्यायाचा आहे.

१९८७ साली ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता. लोकांना अनोळखी चेहरे दाखवून प्रत्येकाचं आडनाव आणि धंदा शिकवला. काही शब्द मुद्दाम असे घेतले, की ते आडनावही असतील आणि धंदाही. तरी धंदा आठवला, आडनाव निसटलं. आपल्याकडचं सांगायचं तर 'हा सुतारकाम करतो' हे डोक्यात बसतं, कारण त्यासोबत रंधा, भुसा, दारं-खिडक्या असं सगळं येतं. 'याचं आडनाव सुतार' याला धरायला काहीच नसतं. त्यात आपल्याकडं 'पाटील' म्हणून हाक मारली तर अर्धी शिफ्ट मागं वळते.

आणखी एक. सगळे पाळीपाळीनं आपली ओळख करून देत असतात तेव्हा आपण शेजारच्याचं नाव ऐकतच नाही, आपल्या पाळीच्या विचारात असतो. १९७३ मध्ये माल्कम ब्रेनर यांनी लोकांकडून पाळीपाळीनं एकेक शब्द मोठ्यानं वाचून घेतला, तेव्हा स्वतःच्या पाळीच्या अगदी आधी वाचलेले शब्दच लोकांना कमी आठवले. जे कानातून आत गेलंच नाही ते विसरलं कसं म्हणायचं?

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की नाव आठवत नसेल तर 'भावा', 'साहेब', 'पाव्हणं' करत वर्षं काढू नका. तोंडावर विचारा, 'नाव सांगा परत एकदा.' त्यात कुणाचा कमीपणा नाही.

कोअरशॉप
असहमत, आणि जोरात असहमत.

मेंदूचं शास्त्र बरोबर असेल, पण हा मेंदू माणूस बघून विसरतो. एमडींचं नाव कुणी विसरलंय का? पुण्याहून ऑडिटला कस्टमर येणार म्हटल्यावर पाच जणांची नावं आदल्या रात्री पाठ होतात. आणि फेटलिंगला (ओतीव माल घासून साफ करायच्या खात्यात) तीन वर्षं ग्राइंडर धरून उभा असलेला माणूस? तोंडाला मास्क, डोळ्याला गॉगल, अंगभर काळी धूळ, त्याला हाक काय, तर 'ए, ठेकेदाराचा'. त्याचं नाव निसटलेलं नाही, ते कुणी घेतलेलंच नाही.

उद्यमनगरी
@कोअरशॉप, ठेकेदाराच्या माणसांना अशी हाक मारणं वाईटच, त्यावर वाद नाही. पण एमडींचं नाव राहतं ते दिवसातून वीस वेळा कानावर पडतं म्हणून. मेलवर, बोर्डावर, प्रत्येक मीटिंगमध्ये. फेटलिंगच्या माणसाचं नाव दिवसभर कुणी घेतच नाही, मग राहील कसं? हा उजळणीचा प्रश्न आहे, माजाचा नाही.

कोअरशॉप
म्हणजे तुम्ही माझंच म्हणणं मांडलंत. कुणाचं नाव वीस वेळा घ्यायचं आणि कुणाचं एकदाही नाही, हे कोण ठरवतं? मेंदू ठरवत नाही.

गंगावेस_कट्टा
मर्दांनो, किती ताणालाय. आमच्या कट्ट्यावर पहाटे दूध प्यायला येणारे निम्मे लोक मला नावानं ठाऊक नाहीत. पण एखादा चार दिवस दिसला नाही तर घर हुडकत जाऊ. तालमीत वस्तादांना कोण नावानं हाक मारतं? 'भावा' म्हटलं की माणूस आपला झाला. उलट इतक्या वर्षांनी 'नाव काय म्हणालात?' असं विचारलं तर त्याच्या काळजात चर्र होईल. सोबत डबा खाल्लेल्या माणसानं नाव विचारणं ही चेष्टा वाटते काय तुम्हाला? माया असली की बास.

मेल्टिंग_रात्रपाळी
@गंगावेस_कट्टा, कट्ट्यावर चालतंय ते फ्लोअरवर चालत नाही. क्रेनला लॅडल (ओतायचं मोठं भांडं) लटकलेलं, आत १४०० अंशाच्या आसपासचं वितळलेलं लोखंड, भट्टीचा आणि ब्लोअरचा आवाज. कुणीतरी ओरडतो, 'ए भावा, बाजूला हो!' चार भावा वळून बघतात आणि ज्यानं सरकायचं तो जागेवरच. नावानं हाक गेली की तो माणूस सरकतो. आमच्याकडं मायेपेक्षा हे आधी लागतं.

सहकारी_पतसंस्था
पुरुषांचं 'भावा'वर भागतं तरी. आमचं काय? ऑफिसात 'मॅडम', बाहेर 'वहिनी' किंवा अमक्याची आई. आमच्या काउंटरला आम्ही दोघी. थकबाकीची पूर्ण यादी एकीनं रात्री थांबून जुळवली. वार्षिक सभेत व्यासपीठावरून आभार मानले, 'आपल्या मॅडमनी छान काम केलं.' कुठल्या मॅडमनी? टाळ्या दोघींना पडल्या आणि पगारवाढ ठरवायची वेळ आली तेव्हा मोठ्या साहेबांना तिचं नाव सांगता आलं नाही. नाव लक्षात नसणं बिनविषारी आहे असं म्हणणाऱ्यांनी याचा हिशेब द्यावा. धागाकर्त्यांचं 'सरळ विचारा' मला मान्य आहे, फक्त मागणी दुसऱ्या बाजूनं आहे: विचारायचं काम ज्याचं पद वरचं त्यानं करावं. हाताखालच्यानं साहेबाला नाव विचारायची हिंमत होत नाही.

उद्यमनगरी
@सहकारी_पतसंस्था, हे शंभर टक्के मान्य. वरच्यानं विचारायचं.
@गंगावेस_कट्टा, काळजात चर्र होतं ते त्याला उशिरा कळतं म्हणून. पहिल्याच आठवड्यात दुसऱ्यांदा विचारलं तर कुणालाच काही वाटत नाही. तीन वर्षं 'भावा'खाली झाकून ठेवल्यानंच ते जड होतं.

नर्सिंग_सीपीआर_रोड
एक वेगळी बाजू सांगते, कारण घराघरात यावरून भांडणं बघितलीत. वय वाढतं तशी नावं, त्यातही माणसांची नावं, जिभेवर येऊन अडकतात. ब्राउन आणि मॅकनील यांनी १९६६ मध्ये दाखवलं की अशा वेळी शब्दाचं पहिलं अक्षर किंवा त्यात अक्षरं किती हेही पुष्कळदा बरोबर सांगता येतं. म्हणजे नाव आत आहे, हाताला लागत नाही. थोड्या वेळानं आठवतं. त्यावरून आजोबांना 'विसरभोळे झालात' म्हणून टोचू नका. मात्र घरचा माणूसच ओळखू येईना, तोच प्रश्न परत परत विचारला जाऊ लागला, नेहमीच्या रस्त्यावर वाट चुकू लागली, तर डॉक्टरांना दाखवायला वेळ लावू नका.

आणि काहींना जन्मापासूनच चेहरे ओळखता येत नाहीत. आवाजावरून, चालीवरून माणूस ओळखतात. अशांना आपण 'रस्त्यात बघून ओळख दाखवत नाही' म्हणून घमेंडी ठरवतो. निदान त्यांच्यापुरतं तरी @कोअरशॉप यांनी मन मोठं करावं.

कोअरशॉप
@नर्सिंग_सीपीआर_रोड, आजाराला कोण नावं ठेवतंय. माझं भांडण ठणठणीत मेंदूच्या लोकांशी आहे.

राजारामपुरी_९वी_गल्ली
शिकवणी घेतो, दर जूनला नव्या पोरांचा लोंढा. मी करतो ते सांगतो. नाव ऐकलं की लगेच त्याच नावानं एक प्रश्न विचारायचा. मग थोड्या वेळानं मनात आठवून बघायचं, मग वर्ग सुटताना, मग दुसऱ्या दिवशी. मधलं अंतर वाढवत न्यायचं. यादी बघून वाचण्यापेक्षा न बघता आठवणं जास्त टिकतं. लँडाउअर आणि ब्यॉर्क यांचं १९७८ चं काम नेमकं नावांवरच आहे. जमत नाही म्हणणाऱ्यांनी एक महिना करून बघावं, मग मेंदूला दोष द्यावा.

मेल्टिंग_रात्रपाळी
शिकवणीत पोरं समोर बसतात सर. आमच्यात मास्क-गॉगलमध्ये चेहराच दिसत नाही. हेल्मेटवर पुढं-मागं मोठ्या मराठी अक्षरात नाव रंगवा, ठेकेदाराच्या माणसांच्याही.

कोअरशॉप
हेल्मेटला माझा पाठिंबा. पण आधी हजेरीपत्रक बघा. ठेकेदाराच्या वहीत 'पाटील २', 'पाटील ३' असं लिहिलंय. रंगवणार काय, आकडा?

उद्यमनगरी
सोमवारी ती वही मागवतो आणि पहिल्या पाळीला उभं राहून एकेकाला विचारून पूर्ण नावं लिहून घेतो. हेल्मेटवर आडनाव नको, नावच मोठं.

कोअरशॉप
गावही टाका. आमच्या कोअर शॉपला (साच्याचे आतले गाभे बनवतात तिथं) एकाच नावाचे दोघं आहेत, एक कळंब्याचा, एक उचगावचा. आणि रात्रपाळीची माणसं पहिल्या पाळीला भेटणार नाहीत, त्यांच्यासाठी रात्री या.