मदत हवी आहे: पाच वर्षांच्या मुलीला ऋतू कसे समजावू?

लेकीने काल एक कार्टून पाहिलं. अस्वल झोपेतून लवकर उठतं, दोन दिवस ऊन पडलं म्हणून सगळ्यांना सांगत सुटतं, ‘वसंत आला!’ खार साठवलेले दाणे वाटून टाकते आणि रात्री पुन्हा बर्फ पडतो. रिकाम्या ढोलीसमोर बसलेली ती खार पाहून पोर रडवेली झाली. मग विचारते, “आई, अस्वल चुकलं की ऋतू चुकला?”

किती नेमका प्रश्न! मी म्हटलं, अस्वल चुकलं. पण आता तिने ठरवलंय की सूर्य लांब गेला की थंडी पडते. खरं तर जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि तेव्हाच उत्तर गोलार्धात हिवाळा असतो. ऋतू होतात ते पृथ्वीचा आस सुमारे 23.5 अंशांनी कललेला असल्यामुळे.

संत्र्यात काडी खोचून, टॉर्च मारून दाखवलं. तिरपा उजेड पसरतो आणि फिका होतो, हे तिला दिसलं. पण टॉर्चभोवती फिरताना काडी एकाच दिशेला कललेली राहते, तिथे ती गोंधळते. हे कुणी लहान मुलांना खेळातून समजावलंय का? की या वयात झाडं, पक्षी, दिवसाची लांबी एवढंच दाखवावं?