मदत हवी आहे: शिक्षकांच्या मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावातच, राहण्याचा ठराव ग्रामसभेपुढे आलाय

पारावरचा: गाव वैजापूर तालुक्यात. जिल्हा परिषदेची सातवीपर्यंत शाळा, बहुतेक गुरुजी संभाजीनगरहून ये-जा करतात. गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी 2022 ला, शिक्षक गावात न राहताच घरभाडे भत्ता घेतात, हा विषय विधानसभेत काढल्यापासून गावात हाच वाद. भत्ता नेमका किती असतो? ठराव दिला नाही तर ग्रामसभा पगार अडवू शकते का? की शिक्षक संघटनेशीच लेखी करार करून टाकावा?

आस्थापना_टेबल: भत्ता मूळ वेतनावर निघतो, महागाई भत्ता त्यात धरत नाहीत. भत्त्यासाठी शहरं-गावं एक्स, वाय, झेड अशा वर्गांत मोडतात; खेडं म्हणजे झेड वर्ग. तिथं दर 8 टक्के; महागाई भत्ता 25 टक्क्यांपुढे गेला की 9, 50 ओलांडला की 10. मूळ वेतन 39,200 असेल तर 10 टक्क्यांनी महिन्याला 3,920. लोक महागाई भत्त्यासकट पगारावर टक्के काढतात, आकडा दीडपट फुगतो, आणि सभेत पगारपत्रक पुढं आलं की तक्रार करणाराच खोटा पडतो.

कराराचं डोक्यातून काढा. जि.प. शिक्षकांचा पगार कराराने ठरतच नाही. सातवा वेतन आयोग 1 जानेवारी 2016 पासून लागू झाला तोही शासनाच्या अधिसूचनेने. संघटना निवेदन देते, धरणं धरते, मोर्चा काढते; पण गावाशी केलेल्या कागदाने ना शिक्षक बांधला जातो, ना गटशिक्षणाधिकारी.

ग्रामसभेला पगार किंवा भत्ता अडवता येत नाही, तो अधिकार प्रशासनाचा. तुमच्या हातात ठराव आहे. ग्रामविकास विभागाच्या 2019 च्या परिपत्रकाप्रमाणे मुख्यालयी राहण्याबद्दल ग्रामसभेचाच ठराव लागतो. सरपंचाचा दाखला जोडून भागवतात, गफलत तिथंच होते.

बांधावरून: ‘सर्व शिक्षक राहतात’ किंवा ‘कोणीच राहत नाही’ असा एका ओळीचा ठराव करू नका. एखाद्या बाई खरंच गावात राहत असतील तर त्या उगाच भरडल्या जातात. प्रत्येकाचं नाव, घर क्रमांक, कधीपासून राहतात, एवढं इतिवृत्तात आलं पाहिजे. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यात कमी असेल ती. सह्या मोजूनच विषय घ्या.

पगाराचा आकडा हवा असेल तर कुणाची वेतनचिठ्ठी मागू नका. कर्ज, पतसंस्थेची कपात ही खाजगी माहिती म्हणून अर्ज फेटाळतात. माहिती अधिकाराच्या कलम 4 खाली कर्मचाऱ्यांचं मासिक वेतन कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायचं असतं, तीच यादी मागा. अर्ज 150 शब्दांत, विषय एकच, 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील.

खडूवाला: दुसरी बाजूही लिहा ना त्याच ठरावात. गावात भाड्याने द्यायला नळ-संडाससकट किती खोल्या आहेत? कित्येक गावांत एकही निघत नाही. शिवाय गुरुजी राहतात कुठं यापेक्षा शाळा भरताना हजर असतात का, हे मला महत्त्वाचं वाटतं. हजेरीपटासोबत हालचाल रजिस्टरही (शाळेच्या वेळेत कोण कधी बाहेर गेलं याची नोंदवही) शाळा व्यवस्थापन समितीने दर महिन्याला बघावं.

पारावरचा: अजेंड्यात विषय राहून गेला तर ‘आयत्या वेळचे विषय’मध्ये घेतला तर चालेल?

आस्थापना_टेबल: नको. नोटिशीतच येऊ द्या, नाहीतर पहिला आक्षेप त्यावरच येतो. आणि इतिवृत्ताची सही-शिक्क्याची नक्कल त्याच आठवड्यात ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) घेऊन ठेवा.