बॅटरीवरचा मोरचूद

बी-५०२: एवढ्या पहाटे त्रास देतोय, माफ करा. जंपर केबल आहे का कुणाकडे? गणपतीला गावी निघालोय, किल्ली फिरवली की नुसतं टिकटिक. पोरं, नारळ, मखर सगळं गाडीत 😓 गॅरेजवाला फोनवरच म्हणाला, बॅटरी गेली, नवी टाका.

सी-१०१ (काका): न बघताच गेली? बॉनेट उघड, फोटो टाक.

बी-५०२: 📷

ए-३०३: बाप रे, बुरशी आलीय की!

सी-१०१ (काका): बुरशी कसली. आतलं अ‍ॅसिड खांबाशी, म्हणजे वायर जोडतात त्या टोकाशी, झिरपतं आणि धातू खातं. पांढरं दिसतंय ते शिशाचं, निळं-हिरवं तो मोरचूद. तुमच्याकडे सुपारीवर चुन्यात कालवून फवारतात, तोच. हा क्लॅम्पमध्ये, म्हणजे खांबाला आवळलेल्या वायरच्या कडीत, बसला की दिवे लागतात, पण स्टार्टरला लागतो तेवढा करंट पुढे जात नाही. बॅटरी धडधाकट असेल कदाचित.

ए-३०३: कोल्ड्रिंक ओता ना, व्हिडिओत दाखवतात.

सी-१०१ (काका): तेही अ‍ॅसिडच, वर साखर. नंतर मुंग्या कोण काढणार?

बी-४०१: टँकर आला का?

सेक्रेटरी: ६ ला. आत्ता गाडीचं चाललंय.

सी-१०१ (काका): १० नंबरचा पाना घे. आधी काळी वायर काढ, मगच लाल. काळी जोडलेली असताना लालवरचा पाना बॉडीला टेकला तर शॉर्ट. डेपोत असताना एकाचा पाना असा चिकटला, लालबुंद झाला होता. कपभर कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा, जुन्या टूथब्रशने घास. फेस यायचा थांबला की अ‍ॅसिड मेलं. झाकणांतून आत थेंब जाता कामा नये. पावडर फुंकू नकोस, शिसं आहे. हातमोजे घाल.

बी-५०२: घातले. फसफसतंय जोरात!

सी-१०१ (काका): साध्या पाण्याने धू, कोरडं पूस. लावताना लाल आधी, काळी शेवटी. हाताने हलणार नाही इतकंच आवळ, खांब शिशाचा असतो, मऊ. मग वरून व्हॅसलीन फास.

बी-५०२: झाली सुरू!!! 🙏🙏

सी-१०१ (काका): गणपती बाप्पा मोरया. पण परत आलास की मीटर लावून बघू. इंजिन चालू असताना १४-१४.५ व्होल्ट ठीक. १५ च्या वर गेलं तर अल्टरनेटर जास्त चार्ज करतोय, मग कितीही घास, पुन्हा हेच. आणि पाणी कधी भरलंस?

बी-५०२: गेल्याच महिन्यात. डिस्टिल्डच, पण काठोकाठ 🙈

सी-१०१ (काका): तरीच! वरच्या खुणेपर्यंतच भरायचं रे. जास्तीचं अ‍ॅसिड घेऊन बाहेर येतं.

सेक्रेटरी: पार्किंगमध्ये सोड्याचं पाणी पसरलंय. बादलीभर पाणी ओतून जा.

बी-५०२: मॅडम, पनवेल सोडलं आम्ही. ए-३०३ ओततील, त्यांचाच टूथब्रश तिथे राहिलाय.

ए-३०३: जुना मागितला होतात ना? हिने कालच आणलेला दिला 😡