मदत हवी आहे: 44 मुलांच्या समूहगानासाठी माईक कोणते घ्यावेत, कुठे लावावेत?

नमस्कार मंडळी,

मी सोलापुरात एका शाळेत संगीत शिकवते. पाचवी ते सातवीची 44 मुलं 12 जानेवारीला समूहगान करणार आहेत. सोलापूरकरांना या तारखेबद्दल वेगळं सांगायला नको. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना 1931 साली याच दिवशी इंग्रजांनी येरवड्यात फाशी दिली. गाणी तीन आहेत: एक मराठी, एक कन्नड, एक तेलुगू. मुलांच्या घरी याच तीन भाषा बोलल्या जातात, म्हणून तसं ठरवलं. जुलैपासून तालीम चालू आहे आणि गाणी छान बसली आहेत. काळजी आहे ती माईकची.

गेल्या वर्षी काय झालं ते सांगते, म्हणजे अडचण कळेल. साउंडवाल्यांनी हातात धरायचे सहा माईक स्टँडला अडकवून पुढच्या रांगेसमोर उभे केले. ज्यांच्या तोंडासमोर माईक आला ती सहा मुलं ऐकू आली, बाकीच्यांचे नुसते ओठ हलताना दिसले. त्या सहांतला एक जण उत्साहाच्या भरात पुढे सरकत सरकत माईकच्या जाळीला ओठ टेकवूनच गायला लागला. सगळ्या स्पीकरमधून त्याचा एकट्याचा आवाज, आणि प्रत्येक 'प'ला धडाम. आवाज वाढवा म्हणून खूण केली की स्पीकरचा आवाज परत माईकमध्ये शिरून लगेच शिट्टी. तिसऱ्या रांगेत एक मुलगी होती. आवाज बारीक, पण सूर इतका पक्का की तालमीत मी तिच्याकडे कान ठेवूनच बाकीच्यांना तपासते. कार्यक्रम झाल्यावर तिची आई मला म्हणाली, "बाई, आमची पोरगी गायली ना?" मी हो म्हटलं, पण ते त्या माऊलीला ऐकू आलंच नव्हतं. ते अजून मनाला लागून आहे.

दिवाळीनंतर वर्गात एक प्रयोग केला. मोबाईल रेकॉर्डिंगला लावून आधी पुढच्या रांगेपासून वीतभर अंतरावर धरला. एकाच मुलीचा श्वास आणि 'स'चा फुत्कार तेवढा आला. मग स्टुलावर चढून तीन फुटांवर, मुलांच्या डोक्यांच्या वर, तिसऱ्या रांगेकडे रोखून धरला. सगळा वर्ग एका आवाजात आला आणि ती मुलगीही त्यात होती! पण मोबाईलला स्पीकर जोडलेला नव्हता. माईक इतका लांब नेला तर गेन (माईकचा आवाज किती उचलायचा ते) वाढवावा लागेल आणि पुन्हा शिट्टी येईल, इथे गाडी अडते.

यंदाची परिस्थिती अशी: शाळेच्या मैदानात मांडव, मुलं तीन रांगांत, मागच्या दोन रांगा बाकांवर, रुंदी साधारण 22 फूट. डावीकडे पेटी आणि तबला. साउंडवाल्यांच्या मिक्सरला 48 व्होल्टचं फँटम (कंडेन्सर माईकला लागणारी वीज) आहे आणि त्यांच्याकडे बारीक कंडेन्सर माईक (लांबचा, नाजूक आवाजही टिपणारे) दोनच आहेत. तिसरा भाड्याने बघावा लागेल, पण गड्ड्याच्या यात्रेच्या (आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेच्या) दिवसांत सामान मिळणं अवघड. दोनांत भागेल का? मॉनिटर (गाणाऱ्यांना ऐकू यावं म्हणून त्यांच्याकडे तोंड केलेला स्पीकर) कुठे ठेवू? कन्नड गाण्यात दोन ओळी एक मुलगा एकटा म्हणतो, त्याचं काय करू?

प्रतिसाद

मॅडम, मी वीस वर्षं साउंडचं काम करतो. दोनांत भागेल, पण रांगा बदला. 15-15 च्या तीन रांगांऐवजी 11-11 च्या चार करा आणि थोडं अर्धवर्तुळ करा. रुंदी 16 फुटांवर येते. दोन कंडेन्सर बूम स्टँडवर (आडव्या दांडीच्या), पुढच्या रांगेच्या पुढे अडीच-तीन फूट, पुढच्या मुलांच्या डोक्यापेक्षा दोनेक फूट वर, तोंड मागच्या रांगांकडे. पुढची मुलं जवळ असली तरी माईक रोखलेल्या रेषेच्या खाली राहतात, म्हणून मागच्यांशी बरोबरी होते. दोन माईकमध्ये आठ-नऊ फूट ठेवा. मुलांपासून माईक जेवढा लांब, त्याच्या तिप्पट अंतर दोन माईकमध्ये, नाहीतर एकच आवाज दोन्हीकडे मागेपुढे पोचतो आणि पोकळ लागतो.

शिट्टीचं म्हणाल तर उघडे माईक दुप्पट केले की शिट्टी येण्याआधी आवाज जेवढा वाढवता येतो, ती मर्यादा 3 डेसिबलने कमी होते. सहा उघडे ठेवले तिथंच गडबड झाली. मोठे स्पीकर माईकच्या रेषेच्या बरेच पुढे, लोकांकडे तोंड करून. मॉनिटरमध्ये मुलांचा आवाज अजिबात सोडू नका, फक्त पेटी द्या. साध्या कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणाऱ्या) माईकला बरोबर पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकू येतं, तिथं मॉनिटर ठेवा. सुपरकार्डिऑइड (समोरचा त्याहून अरुंद भाग ऐकणारा) असेल तर पाठीमागे थोडं ऐकू येतं, तेव्हा मॉनिटर पाठीच्या तिरक्या बाजूला. तेवढं माईकवर बघून घ्या.

एकट्या मुलाला साधा डायनॅमिक (हातात धरायचा नेहमीचा) माईक स्टँडवर द्या आणि त्या दोन ओळींपुरताच उघडा. फँटम चालू-बंद करताना चॅनल बंद ठेवायला सांगा, नाहीतर स्पीकर ठोकतो.

प्रतिसाद

तबला मुलांच्या माईकपासून जेवढा लांब नेता येईल तेवढा न्या, आणि लो कट (खालचे, घुमणारे आवाज कापणारं बटण) लावायला विसरू नका. मुलांचा षड्ज (सा) कुठला आहे?

धागाकर्ती

दादा, खूप उपकार झाले. षड्ज काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी) आहे. सगळ्यात खालचा सूर मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प), म्हणजे 200 हर्ट्झच्या जरा वर. म्हणून 150 ला कापलं. मुलांचं काही गेलं नाही, बाकांवरच्या पायांची धडधड मात्र गेली.

रविवारी मांडवातच तालीम घेतली. चार रांगा केल्यावर मुलं आधी कुरकुरली, कारण मित्र-मैत्रिणी वेगळ्या झाल्या. मग दोन माईक, सांगितलंत तसे. मी शेवटच्या खुर्च्यांपर्यंत चालत गेले. तेलुगू गाण्यातली जोडाक्षरं तिथपर्यंत स्पष्ट आली, गेल्या वर्षी त्यांचा नुसता गोंगाट झाला होता. आवाज मोठा नाही, पण सगळ्यांचा आहे. शिट्टी एकदाच आली, मॉनिटर हातभर बाजूला सरकवल्यावर बंद झाली. एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती: मांडवाचा पडदा वाऱ्याने हलला की कंडेन्सरमध्ये भस्स असा आवाज येतो. दोन्हींना स्पंजच्या टोप्या घातल्या आणि त्या बाजूचा पडदा खालून बांधून घेतला.

आमच्या आधी भाषणं आहेत, त्यामुळे स्टँड हलवावे लागणार. पायांच्या जागी पांढऱ्या चिकटपट्टीच्या खुणा केल्या आहेत आणि उंचीसाठी दांड्यांवर रेघ मारली आहे. गेल्या वर्षीच्या तिसऱ्या रांगेतल्या त्या मुलीच्या आईलाही निरोप दिलाय, की या वेळी शेवटच्या रांगेत बसलात तरी चालेल.