टाकी उघडण्यापूर्वी: इंधनाचा काटा चुकीचा दाखवतो तेव्हा

अ-२०३ : नमस्कार. माझ्या पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीचा इंधनाचा काटा हल्ली भरवशाचा राहिलेला नाही. टाकी पूर्ण भरली की तो बरोबर वर जातो, परंतु निम्म्याच्या आसपास आला की एकाएकी शून्यावर पडतो आणि गाडी खड्ड्यातून गेली की पुन्हा निम्म्यावर येतो. गॅरेजमध्ये काहीही न तपासता डॅशबोर्डवरील संपूर्ण मीटर बदलण्याचा सल्ला मिळाला आहे. कोणास अनुभव असल्यास कृपया मार्गदर्शन करावे.

ब-५०१ : ताई, मीटर बदलण्याची घाई करू नका. टाकीत एका दांडीच्या टोकाला इंधनावर तरंगणारा फ्लोट असतो. इंधनाची पातळी बदलली की दांडी हलते आणि तिला जोडलेली धातूची बारीक बोटे एका रोधक पट्टीवर सरकतात. बोटे पट्टीवर जिथे टेकतील त्यानुसार रोध (विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा, जो ओहममध्ये मोजतात) बदलतो आणि त्यावरून काटा किती वर जायचा हे ठरते. वर्षानुवर्षे घासून पट्टीचा एखादा भाग झिजतो किंवा इंधनातील गंधकामुळे तिथल्या चांदीवर काळा थर बसतो, आणि फ्लोट नेमका त्या पातळीवर आला की जोडणी तुटते. तुमचा काटा ठरावीक पातळीलाच पडतो आणि धक्का बसताच परत येतो, म्हणून माझा पहिला संशय या फ्लोट युनिटवर आहे.

क-१०४ : काका, आपले म्हणणे पटते, तरीही एक गोष्ट सांगावीशी वाटते. आमच्या गाडीत फ्लोट युनिट नवीन बसवूनही काटा प्रत्यक्षापेक्षा कमीच दाखवत होता. अखेर दोष युनिटच्या अर्थिंगच्या, म्हणजे युनिट गाडीच्या बॉडीला जोडणाऱ्या, वायरीत निघाला. बॉडीला जिथे ती स्क्रूने घट्ट केली होती तिथे गंज चढला होता. जागा घासून स्वच्छ केल्यावर काटा सुधारला आणि जुने युनिट निर्दोष होते हे तेव्हा कळले.

ब-५०१ : अगदी खरे आहे, आणि म्हणूनच टाकी उघडण्यापूर्वी बाहेरची तपासणी करावी, असा माझा आग्रह आहे. आधी फ्यूज पाहा आणि तापमानाचा काटाही चुकतो आहे का ते बघा. दोन्ही काटे एकाच वेळी बिघडले असतील तर मीटरला होणारा वीजपुरवठा किंवा मीटरचे अर्थिंग तपासावे लागते. त्यानंतर फ्लोट युनिटच्या कनेक्टरकडे वळा. बहुतेक गाड्यांत तो मागच्या सीटखालच्या झाकणाखाली सापडतो. इग्निशन बंद करून कनेक्टर काढा, पिनांवर हिरवट थर आहे का ते पाहा, आणि मल्टिमीटरने (रोध मोजण्याच्या उपकरणाने) अर्थिंगची वायर व बॉडी यांच्यातील रोध मोजा. तो एक ओहमपेक्षा कमी असायला हवा.

पुढची चाचणी सर्वांत महत्त्वाची आहे. रिकाम्या आणि भरलेल्या टाकीला किती ओहम अपेक्षित आहेत, हे गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेले असते. काही गाड्यांत रिकाम्या टाकीला १० आणि भरलेल्या टाकीला १८० ओहम असतात, तर काहींत याच्या उलट २४० वरून ३३ पर्यंत रोध उतरतो, त्यामुळे दुसऱ्या गाडीचे आकडे आपल्या गाडीला लावू नयेत. मॅन्युअलमधील तेवढ्याच ओहमचे रोधक एकेक करून मीटरकडे जाणारी सिग्नलची वायर आणि अर्थिंग यांच्यामध्ये जोडा, इग्निशन चालू करा आणि थोडे थांबा, कारण गाडी हलल्यावर काटा नाचू नये म्हणून तो मुद्दाम संथ ठेवलेला असतो. काटा दोन्ही वेळा योग्य जागी गेला तर मीटर आणि वायरिंग ठीक असून दोष टाकीतच आहे. अनेक जण सिग्नलची वायर सरळ बॉडीला टेकवून पाहतात. तसे करू नये, काही जुन्या मीटरमधील काट्याची कॉइल त्याने जळू शकते. त्याच कनेक्टरमध्ये पेट्रोल पंपाचीही वायर असते, म्हणून वायरिंगचा नकाशा समोर नसेल तर हे काम ऑटो इलेक्ट्रिशियनवर सोपवावे.

अ-६०२ : आमची गाडी नवीन आहे. तिलाही हीच पद्धत चालेल का?

ब-५०१ : दादा, नव्या गाड्यांत फ्लोटचा सिग्नल बहुधा आधी गाडीतील संगणकाकडे जातो, म्हणून तिथे प्रथम बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावावा. पी०४६० ते पी०४६३ हे कोड इंधनपातळीच्या सर्किटचे आहेत. पी०४६२ म्हणजे सिग्नल अपेक्षेपेक्षा कमी आणि पी०४६३ म्हणजे जास्त. तथापि कोड सर्किटकडे बोट दाखवतो, विशिष्ट भागाकडे नाही, म्हणून केवळ कोड पाहून सुटा भाग मागवू नका.

अ-४०१ (सचिव) : सर्वांना नम्र विनंती आहे की बेसमेंटमध्ये कोणीही टाकी उघडू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत साचते आणि लांबच्या एखाद्या ठिणगीनेही पेट घेऊ शकते. या बाबतीत समिती कोणालाही सवलत देणार नाही.

ब-५०१ : सचिव साहेबांच्या सूचनेला माझा पूर्ण पाठिंबा आहे. टाकी गॅरेजमध्येच, मोकळ्या हवेत, इंधन बरेच कमी असताना आणि बॅटरीची निगेटिव्ह तार काढून उघडावी.

अ-२०३ : काका, आज इलेक्ट्रिशियनने ही चाचणी केली. अर्थिंग चांगले आहे आणि रोधक जोडल्यावर काटा दोन्ही टोकांना बरोबर गेला.

ब-५०१ : म्हणजे मीटर शाबूत आहे आणि बिघाड टाकीतच आहे. युनिट बाहेर काढल्यावर त्याला मल्टिमीटर लावून दांडी हाताने अगदी सावकाश खालून वर न्यायला सांगा आणि स्वतः उभे राहून पाहा. आकडा सलग बदलत जायला हवा. मधेच तो उडाला किंवा जोडणी तुटल्याचे दिसले, तर पट्टी तिथेच झिजली आहे. फ्लोट हलवून आत पेट्रोल शिरले नाही ना आणि दांडी वाकली नाही ना, हेही बघून घ्या. नुसता काळा थर असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरने तो निघतो, परंतु झिजलेली पट्टी साफ करून पुन्हा बसवू देऊ नका. झाकणाची रबरी रिंग मात्र नवीनच घालायला सांगा, कारण जुनी रिंग फुगलेली असते आणि तिथून वाफ गाडीत येते. काम होईपर्यंत टाकी पूर्ण भरून ट्रिप मीटर शून्यावर ठेवा आणि निम्मी टाकी संपेल त्या किलोमीटरला पुन्हा भरा.