फायबरग्लासच्या कारखान्यात ॲसिटोन कसे ठेवावे?

प्रश्न: आमच्याकडे फायबरग्लासचे साचे बनतात. रेझिन लागलेले ब्रश धुण्यासाठी ॲसिटोन उघड्या बादलीत ठेवतात. खिडक्या उघड्या असल्याने धोका नाही, असे कामगारांचे म्हणणे आहे. ते बरोबर आहे का?

उत्तर १: नाही. ॲसिटोनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या किमान तापमानाला द्रवाची वाफ ठिणगीने पेटू शकते ते तापमान, सुमारे उणे 20 अंश सेल्सियस असल्याने आपल्याकडे थंडीतही त्याची वाफ पेटण्याजोगी असते; शिवाय ही वाफ हवेच्या जवळपास दुप्पट जड असल्यामुळे उंचावरच्या खिडकीतून बाहेर न जाता जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ग्राइंडरच्या ठिणगीपर्यंतही पोहोचू शकते. बादलीऐवजी घट्ट झाकणाचा धातूचा डबा वापरावा. भिजलेल्या चिंध्याही झाकणाच्या धातूच्या डब्यातच टाकाव्यात. कोपऱ्यात साचलेला त्यांचा ढीग हा माझ्या मते बादलीइतकाच वाईट.

उत्तर २: पिंपातून डब्यात ओतताना दोन्ही भांडी तारेने जोडून अर्थिंग करावे, कारण वाहत्या द्रवामुळे स्थिर विद्युत निर्माण होते आणि तिच्या ठिणगीने वाफ पेटू शकते. रेझिन घट्ट करणारा हार्डनर, म्हणजे एमईकेपी (मिथाइल इथाइल कीटोन पेरॉक्साइड), हा पेरॉक्साइड, म्हणजे सहज विघटन होणारे रसायन, आहे. तो ॲसिटोनमध्ये कधीही मिसळू नये आणि त्याच्या शेजारीही ठेवू नये, कारण तीव्र विघटन होऊन स्फोट होऊ शकतो.

प्रश्नकर्ता: आग लागल्यास पाणी चालेल का?

उत्तर २: पाण्याच्या जोरदार झोताने पेटलेला द्रव पसरतो. लहान आगीसाठी ड्राय पावडर किंवा कार्बन डायऑक्साइड वापरावा. साधा फोम ॲसिटोनवर टिकत नाही, म्हणून अल्कोहोल-रोधक, म्हणजे अशा द्रवांवरही टिकणारा, फोमच मागवावा.