मूल स्काऊटला घातलं, आता आईबापांनीही जायचं का?

मधली सुट्टी

आमच्या पथकाच्या प्रवेश अर्जात यंदा एक नवा रकाना आलाय: घरातलं कोण, कोणतं काम करू शकेल? सक्ती नाही, पण रिकामा सोडला तर फोन येतो. त्यावरून पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात चांगलीच जुंपली. "आम्ही पोराला घातलंय, स्वतःला नाही," असं एकाने लिहिलं आणि त्याला भराभर अंगठे मिळाले. तिथे मी काही बोलले नाही, इथे टोपणनावाने मोकळेपणाने लिहिते.

मला तो रकाना पटतो. स्काऊट म्हणजे शिकवणी नव्हे, की फी भरली आणि आपण सुटलो. आमचा स्काऊटमास्तर दिवसभर स्वतःची नोकरी करून संध्याकाळी मैदानावर येतो, यातून त्याला दमडी मिळत नाही. आणि मैदानावरचा तास-दीड तास हा कामाचा लहानसा भाग आहे. बाकीचं कुणाला दिसतच नाही.

एकच काम सांगते. शिबिर रविवारी दुपारी संपतं, मुलं झोपाळलेली घरी जातात. तंबू मात्र दवाने ओलेच असतात. तसेच पिशवीत कोंबले तर काही दिवसांत कापडावर बुरशीचे काळे ठिपके येतात आणि तो कुबट वास नंतर काही केल्या जात नाही. म्हणून कुणाच्या तरी गच्चीवर ते उलगडायचे, शिवणीत अडकलेलं गवत काढायचं, खुंट्यांची माती खरवडायची, कुठला दांडा वाकलाय ते चिठ्ठीवर लिहून त्या पिशवीला बांधायचं. हे काम वर्षानुवर्षं एकच माणूस करत असेल तर तो एक दिवस सोडून जातो, आणि त्याच्याबरोबर पथकही बसतं. ब्रिटनमध्ये स्काऊटसाठी मुलांच्या लांबलचक प्रतीक्षायाद्या असतात, त्या मुख्यतः मोठी माणसं मिळत नाहीत म्हणून. जागा आहे, मुलं आहेत, उभं राहणारं कुणी नाही.

तर प्रश्न असा, की घर म्हणून आपण यात किती उतरायचं?

उंटावरचा शहाणा

अजिबात उतरू नये. तंबू वाळवा, हिशोब लिहा, हरकत नाही. पण 'कुटुंब म्हणून सहभाग' ही भाषा ऐकली की माझ्या पोटात गोळा येतो, कारण ती तंबूपाशी थांबत नाही. आधी गच्ची, मग गाडी, मग शिबिराला 'मदतीला' मुक्काम, आणि शेवटी आई पोराच्या बुटाची नाडी बांधताना दिसते.

स्काऊटची सुरुवात आठवा. ऑगस्ट १९०७, इंग्लंडमधलं ब्राउनसी बेट, पहिलं शिबिर, साधारण वीस मुलं. काही नामांकित महागड्या शाळांतली, काही आसपासच्या गावांतल्या साध्या कष्टकरी घरांतली. स्काऊटचा संस्थापक बेडन-पॉवेलने त्यांचे चार संघ पाडले, कर्ल्यू, रेव्हन, वुल्फ आणि बुल, आणि प्रत्येक संघाला त्यांच्यातलाच एक मोठा मुलगा नायक नेमला. आईबाप तिथे नव्हते. स्काऊटमधली खरी वेगळी गोष्ट कुठली असेल तर ती हीच: तेरा वर्षांचं पोर अकरा वर्षांच्या पोराला सांभाळतं, चुकतं, आणि पुढच्या वेळी नीट करतं. गाठी काय, पुस्तकात बघूनही येतात.

मागच्या शिबिरात आमच्याकडे काय झालं बघा. एका मुलाने तंबूच्या दोरीला कशीबशी क्लोव्ह हिचची गाठ मारली होती. ढिली होती, खरंय. बघायला आलेल्या वडिलांनी तीन सेकंदांत ती सोडून नीट बांधून दिली. संघनायक, वय चौदा, बाजूलाच उभी होती. ती नंतर त्या मुलाला शिकवणारच होती. तिने एकदा दोरीकडे पाहिलं, एकदा वडिलांकडे, आणि दुसऱ्या तंबूकडे निघून गेली. त्या माणसाला काय घडलं हे कळलंसुद्धा नाही.

टाचणी

शहाणेबुवा, ब्राउनसीचा दाखला अर्धाच दिलात. बीपींचा, म्हणजे बेडन-पॉवेलचा, पुतण्या डोनाल्ड, वय वर्षं नऊ, त्या बेटावर होता. काकांचा ऑर्डर्ली, म्हणजे मदतनीस म्हणून! म्हणजे पहिल्याच शिबिरात आयोजकाच्या घरातलं पोर वशिल्याने आलेलं होतं. पुढे १९१० मध्ये मुलींसाठी गाईड चळवळ उभी राहिली ती बहीण ॲग्नेस हिच्या हाताखाली, आणि १९३० मध्ये जागतिक चीफ गाईड झाली ती पत्नी ओलेव्ह. अख्खं घर लावलं होतं माणसाने कामाला.

उंटावरचा शहाणा

दाखला झकास, पण तो माझ्याच बाजूचा निघाला. बहिणीने आणि बायकोने चळवळ चालवली, पुतण्याच्या बॅजच्या नोंदवह्या भरून दिल्या नाहीत.

खिडकीतली

तुम्ही दोघं इतिहासात रमा. मला साधी भीती आहे आणि ती कुणी बोलत नाही म्हणून मी बोलते. अमेरिकेतल्या बॉय स्काऊट्सने फेब्रुवारी २०२० मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, लैंगिक अत्याचाराच्या दाव्यांमुळे. पुढे ८० हजारांहून जास्त दावे दाखल झाले. त्यातली बरीच प्रकरणं कित्येक दशकांपूर्वीची. ही मुलंसुद्धा कुणीतरी विश्वासाने फाटकापाशी सोडून गेलं होतं ना? 'आईबापांनी लांब राहावं' हे वाक्य ऐकायला शूर वाटतं. मला जवळ राहायचंय. मुलाच्या नाडीसाठी नाही, बाकीच्यांवर नजर ठेवायला.

जुनं पथक

मी बरीच वर्षं पथक चालवलं, आता मोकळा आहे. खिडकीतली यांच्या भीतीशी शंभर टक्के सहमत, उपायाशी नाही.

पालक तिथे बसलाय म्हणून पोर सुरक्षित, हे खरं नाही. पालकसुद्धा बाकीच्या तीसेक मुलांसाठी अनोळखी मोठा माणूसच असतो. सुरक्षितता नियमातून येते, आणि तो नियम पाळला जातोय का हे विचारण्यातून. कुठल्याही कामाच्या वेळी किमान दोन नोंदणीकृत मोठी माणसं हवीतच. एकट्या मोठ्या माणसाने एकट्या मुलाबरोबर बंद दाराआड असायचं नाही. मोठे आणि मुलं एका तंबूत झोपणार नाहीत. मुलाला मेसेज करायचा तर त्यात दुसरा मोठा माणूस असलाच पाहिजे. ब्रिटनमध्ये शिबिरात रात्री राहणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाची पार्श्वभूमी तपासलेली असावी लागते, मग तो सख्खा बाप का असेना.

प्रवेश घेण्याआधी पथकप्रमुखाला हे सगळं तोंडावर विचारा. चांगला असेल तो खूश होईल. "आमच्याकडे विश्वासावर चालतं," असं उत्तर आलं तर चपला घाला आणि निघा.

आणि इथेच मधली सुट्टी यांचा रकाना कामाला येतो. 'दोन मोठी माणसं' हा नियम कागदावर ठेवायला काही लागत नाही, मैदानावर पाळायला माणसं लागतात. आमचं एक शिबिर ऐन वेळी रद्द करावं लागलं, कारण दुसरा नोंदणीकृत माणूस तापाने आडवा झाला आणि तिसरा नव्हताच. मुलांनी सॅक भरून ठेवल्या होत्या. शहाण्यांनो, पालक लांब राहिले तर तुमच्या त्या चौदा वर्षांच्या संघनायकाला शिबिरच मिळत नाही.

रात्रपाळी

मी एकटी आई. आठवडाआड पाळी बदलते. सगळी चर्चा वाचली, छान आहे, पण तुम्ही सगळे ज्या घरांबद्दल बोलताय त्यात एक मोठं माणूस संध्याकाळी मोकळं असतं, गाडी असते आणि गच्ची असते.

रकाना मी रिकामा सोडला. फोन आला. बोलणारा सभ्य होता, "काही हरकत नाही ताई" म्हणाला. पण पुढच्या पालक बैठकीत 'योगदान देणाऱ्या कुटुंबांचे आभार' म्हणून नावांची यादी वाचली गेली, आणि माझ्या मुलीने शेजारी बसून ती शेवटपर्यंत ऐकली. सक्ती नाही म्हणता तेव्हा ही यादी कशाला? काम करणाऱ्यांचे आभार त्यांच्यापाशी जाऊन माना.

दुसरं, कुणी उघडपणे म्हणत नाही म्हणून म्हणते: ज्यांचे आईबाप जास्त दिसतात त्यांची मुलं संघनायक होतात. योगायोग असेल. बऱ्याच वेळा असतो.

टाचणी

यादीचा मुद्दा लागला. आमच्याकडेही वाचतात.

मधली सुट्टी

रात्रपाळी, यादी बंद व्हायला हवी, मी बैठकीत मांडते. पण रकान्यावरचा माझा हेका कायम आहे, फक्त त्यात कामं कोणती लिहिलीत ते बघायला हवं. 'शिबिराला सोबत' आणि 'गाडी' एवढंच लिहिलं तर तुमच्यासारख्यांना दार बंदच. संमतीपत्रं आली का हे तपासणं, प्रथमोपचाराच्या पेटीतल्या औषधांच्या मुदती बघून यादी करणं, जुने गणवेश गोळा करून ज्यांना लागतील त्यांच्यापर्यंत गुपचूप पोचवणं, ही कामं रात्री दोनलाही होतात. आणि एखाद्या वर्षी काहीच जमत नसेल तर 'यंदा नाही' असाही एक पर्याय छापलेला असावा, म्हणजे फोनची वेळच येणार नाही.

संघनायकाबद्दल मात्र माझा अनुभव वेगळा आहे. आमच्याकडे संघातली मुलं स्वतः नाव सुचवतात.

रात्रपाळी

सुचवतात खरं. कोणाच्या घरी सरावाला जमतात ते बघा, मग कोणाचं नाव सुचतं ते बघा.

जुनं पथक

यात तथ्य आहे. म्हणून आम्ही एक पथ्य ठेवलं होतं: पालकाने काम करायचं तर शक्यतो आपल्या मुलाच्या विभागात नाही. स्काऊटच्या आईने कबना, म्हणजे स्काऊटच्या आधीच्या लहान गटाला, मदत करायची, कबच्या बाबांनी स्काऊटांची साहित्यखोली सांभाळायची. लहान पथकात हे दर वेळी जमत नाही. पण जिथे जमलं तिथे दोन्ही बाजूंनी सुटका झाली. आई समोर असली की मूल दर दोन मिनिटांनी तिच्याकडे बघतं. दुसऱ्याची आई असेल तर सरळ कामाचं विचारतं.

आणि वय बघा ना. इथे सगळे मुलं म्हणताय, पण सहा वर्षांचं आणि सोळा वर्षांचं एकच का? अमेरिकेत सगळ्यात लहान गटांना, म्हणजे लायन आणि टायगरना, प्रत्येक बैठकीला स्वतःचं मोठं माणूस बरोबर लागतंच. त्या वयात कुटुंबाचा सहभाग हाच कार्यक्रम असतो. कब झालं की मोठ्यांनी खेळ मांडायचा आणि बाजूला व्हायचं. स्काऊट झालं की खेळ मांडायचा तोही संघनायकांनी, आपण फक्त सामानाची खोली उघडून द्यायची. शहाणे अकरा वर्षांच्या पुढचं बोलताहेत, खिडकीतली बहुधा आठ वर्षांच्या मुलाचं. दोघांचं भांडण लागायचं कारणच नाही.

बॅजचंही तसंच. एकदा एका मुलाची नोंदवही तपासायला घेतली. निसर्गनिरीक्षणाची पानं इतकी सुबक की मी हरखलो. मग लक्षात आलं, अक्षर आईचं, पानांची चित्रं आईची, पक्ष्याच्या घरट्याजवळ जायचा कंटाळाही बहुतेक आईचाच, कारण वर्णन सगळं इंटरनेटवरचं होतं. मी त्याला म्हटलं, कोतवाल पक्षी दाखव. त्याने आभाळाकडे बघितलं. कोतवाल वर तारेवरच बसला होता, पण त्याला माहीत नव्हतं.

खिडकीतली

माझा आठ वर्षांचाच आहे. बरोबर ओळखलंत.

उंटावरचा शहाणा

जुन्या पथकाने सलोखा घडवायचा चंग बांधलाय, पण मी अजून तिथेच उभा आहे. वयाची पायरी मान्य. अडचण अशी, की आठव्या वर्षी आत शिरलेले आईबाप अकराव्या वर्षी बाहेर पडत नाहीत. त्यांना तिथे मित्र मिळालेले असतात, शेकोटीची सवय लागलेली असते, आणि पोराच्या आधी त्यांचाच स्कार्फ इस्त्री होतो. एवढीच हौस असेल तर रीतसर प्रशिक्षण घेऊन लीडर व्हा. लंडनजवळच्या गिलवेल पार्क या स्काऊट केंद्रात १९१९ पासून मोठ्यांना शिकवतात, ते याचसाठी. मग तुम्ही पथकाचे होता आणि तुम्हाला तिथले नियम लागू होतात. 'पालक म्हणून जरा आलो' ही जी अधांतरी जमात आहे, तिला माझा विरोध.

चिमटा

मधेच विचारतो. स्काऊट होताना घ्यायच्या, देवाचं नाव असलेल्या वचनाचं काय? आम्ही देव मानत नाही, आणि मुलगी वचन घेताना काय म्हणणार यावर घरात दोन तट आहेत.

जुनं पथक

संघटनेनुसार बदलतं. ब्रिटनच्या स्काऊट्सनी २०१४ पासून देवाचा उल्लेख नसलेलं पर्यायी वचन ठेवलंय, काही देशांत तशी सोय नाही. प्रवेशाआधी वचन आणि नियम मुलीबरोबर बसून वाचा आणि लीडरशी बोला. समारंभाच्या दिवशी गणवेशात उभी असताना हा घोळ नको.

पाटीपेन्सिल

बराच वेळ नुसती वाचत होते. आमचं प्रकरण दुहेरी आहे: धाकटी सात वर्षांची, थोरला बारा. दोघं एकाच पथकात, एकाच वेळी, एकाच मैदानावर. धाकटी मला सोडत नाही, आणि थोरला म्हणतो तू दिसलीस तर मी येणारच नाही. मी नेमकी कुठे उभी राहू?

रात्रपाळी

थोरल्याच्या पाठीमागे.

जुनं पथक

धाकटीपाशी थांबा, पण हातात काम घेऊन. हजेरी लिहा, रंग वाटा. काम करणारी आई पोरांना पटकन कंटाळवाणी वाटते, धाकटी आपणहून खेळात जाईल. थोरल्याला फाटकापाशी सोडा आणि संध्याकाळी "आज काय केलं?" हे विचारू नका. काय बिघडलं ते विचारा, जास्त बोलेल.

उंटावरचा शहाणा

आणि त्याचा तंबू दिसला तर दोरीला हात लावू नका.

पाटीपेन्सिल

लावणार नाही. पडला तरी?

उंटावरचा शहाणा

आत कोण झोपलंय त्यावर आहे.